वणवा मोजणारा माणूस

जंगलाला आग लागली की माणसे साधारणपणे दोन तऱ्हेने बोलतात. काही म्हणतात, दैवाचा कोप झाला. काही म्हणतात, कोणीतरी पेटती विडी टाकली असेल. पहिल्या बोलण्यात विचार सुरूच होत नाही आणि दुसऱ्या बोलण्यात गुन्हेगार सापडला की विचार थांबतो. पण खरे प्रश्न पुढेच असतात. ही आग किती वेगाने पसरेल? कोणत्या बाजूला वळेल? दुपारी भडकेल की रात्री आपोआप मंदावेल? आणि ती विझवायला ज्या माणसाला तिच्यासमोर उभे केले आहे, त्याला जीव वाचवायला किती वेळ मिळेल?

या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने नव्हे तर मोजमापाने शोधण्यात ज्यांनी आपले सारे आयुष्य खर्ची घातले, अशा एका वन-संशोधकाची ओळख आज वाचकांना करून द्यावयाची आहे. त्यांचे नाव हॅरी गिझबोर्न. जन्म १८९३, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात. शिक्षण मिशिगन विद्यापीठात, वनशास्त्राचे. आणि कर्मभूमी आयडाहो व मोंटाना या डोंगराळ राज्यांतील पाइन, फर आणि सीडरची घनदाट अरण्ये.

१९१० चा हाहाकार

गिझबोर्न यांचे काम समजून घ्यायचे तर त्याआधीची एक घटना ठाऊक असायला हवी. अमेरिकेचे वनखाते १९०५ मध्ये स्थापन झाले. खाते अजून बाल्यावस्थेत असतानाच १९१० चा उन्हाळा आला. पाऊस नाही, जंगल वाळून कोळ झालेले आणि जागोजागी शेकडो लहान आगी धुमसत असलेल्या. २० ऑगस्टला सोसाट्याचा वारा सुटला आणि या साऱ्या आगी एकमेकींना मिळाल्या. दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. किमान ८५ माणसे दगावली. त्यांपैकी ७८ जण आग विझवायला नेलेले होते.

ही माणसे कोण होती? खात्याजवळ पुरेसे शिपाई नव्हते. म्हणून रेल्वेच्या वस्त्यांतून, खाणींतून, शहरांतील नाक्यांवरून रोजंदारीचे मजूर उचलून आणले गेले. त्यांत परदेशातून पोट भरायला आलेले कितीतरी होते. हातात कुऱ्हाड, कुदळ नाही तर फावडे आणि पाठीवर घोंगडी घेऊन ते डोंगरावर चढले. आग कशी वागते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगणार तरी कोण? ते कोणालाच धड ठाऊक नव्हते. मदतीला सैन्याच्या तुकड्या आल्या. त्यांत काळ्या सैनिकांची पंचविसावी पायदळ पलटणही होती. ज्या देशात त्यांना बरोबरीची वागणूक मिळत नव्हती, त्याच देशातील एव्हरी गावची बायका-मुले या सैनिकांनी आगीच्या तोंडातून बाहेर काढली.

एडवर्ड पुलास्की या वनरक्षकाने सुमारे ४० माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवले. धुराने गुदमरून काही जण तिथेच गेले. कुऱ्हाड आणि कुदळ एकाच दांड्याला असलेले हत्यार आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. पण एका माणसाचे धैर्य म्हणजे शास्त्र नव्हे. पुन्हा असा वणवा पेटला तर काय करायचे, याचे उत्तर खात्याजवळ नव्हते.

काटक्यांचे वजन

१९२२ मध्ये गिझबोर्न यांची नेमणूक उत्तर आयडाहोतील प्रीस्ट रिव्हर येथील वन-संशोधन केंद्रात झाली. केवळ वणव्याचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या पहिल्या संशोधकांपैकी ते एक होत. त्यांनी सुरुवात अगदी साध्या प्रश्नापासून केली: जळते काय?

हा प्रश्न ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना वेगळा समजावून सांगायला नको. वाळल्या काटक्या चटकन धरतात. जाड ओंडका लवकर पेट घेत नाही, पण एकदा पेटला की रात्रभर धुमसतो. ओले सरपण घातले की आधी त्यातले पाणी उडून जावे लागते. तोवर आच नाही, नुसता धूर. फुंकणीने फुंकर घातली की ज्वाळा उठते. जंगलातही हाच नियम. फरक एवढाच, की तिथली चूल डोंगराएवढी आणि फुंकणी वाऱ्याची.

जंगलात जे काही जळू शकते त्याला हे शास्त्र 'इंधन' म्हणते. गवत, पालापाचोळा, काटक्या, पडलेली खोडे, कुजका थर, झुडपे, झाडांचे शेंडे, सारे इंधनच. गिझबोर्न यांनी ओळखले की आग किती भडकेल हे ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे या इंधनातील ओलावा. जमिनीवरच्या कुजक्या थरातील ओलावा मोजायला त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक उपकरण बनवले. त्यात वेताची पट्टी वापरली होती. ओल लागली की वेत फुगतो, वाळला की आक्रसतो. त्या फुगण्या-आक्रसण्यावरून ओलावा कळे.

दुसरी पद्धत याहून सोपी. लाकडाच्या ठरावीक जाडीच्या कांड्या उघड्यावर ठेवायच्या आणि रोज त्यांचे वजन करायचे. पुढे प्रमाण ठरलेल्या कांड्या पूर्ण कोरड्या असताना बरोबर १०० ग्रॅम भरतील अशा केलेल्या असतात. आज वजन ११० ग्रॅम भरले तर ओलावा १० टक्के. १०५ भरले तर ५ टक्के, म्हणजे धोक्याची घंटा. साधा तराजू आणि लाकडाच्या चार कांड्या! जिथे जंगलातील कर्मचारी कपाळाला हात लावून आकाशाकडे बघत होता, तिथे त्याच्या हाती एक आकडा आला.

प्रीस्ट रिव्हरला त्यांनी हवामानाच्या नोंदींसाठी तीन जागा निवडल्या. एक पूर्ण झाडे तोडलेली, दुसरी अर्धी तोडलेली आणि तिसरी दाट जंगलातील. एकाच डोंगराच्या पायथ्याशी, एकाच दिवशी, तिन्ही ठिकाणचे उष्णतामान, वारा आणि ओलावा वेगवेगळा निघे. उघड्या जागेतले इंधन सर्वांत लवकर वाळे. तेथील आणखी एका अभ्यासातून असे दिसले, की रात्री थंड हवा दरीत उतरते आणि डोंगराच्या मधल्या पट्ट्यात उबदार, कोरडी हवा टिकून राहते. म्हणजे दरीत आग मंदावली म्हणून बेसावध झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरच्या उतारावर ती रात्रभर जागी असू शकते. ही माहिती पुस्तकी नव्हे. ती जीव वाचवणारी आहे.

खिशात मावणारे यंत्र

ओलावा, हवेतील दमटपणा, वारा, विजांची शक्यता अशा अनेक गोष्टी एकत्र पाहून धोका ठरवायचा असतो. पण रानातल्या कर्मचाऱ्याने इतके हिशेब कधी आणि कसे करायचे? त्या काळी छायाचित्रकार प्रकाशाचा अंदाज घेण्यासाठी एक सरकपट्टी वापरीत. ती कल्पना घेऊन गिझबोर्न यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी 'वणवा-धोका मापक' तयार केले. खिशात मावेल एवढे. आकडे जुळवून पट्टी सरकवली की आजचा धोका कोणत्या पायरीचा आहे ते दिसे. धोका वाढला की टेहळणीच्या मनोऱ्यांवर माणसे वाढवायची, टोळ्या सज्ज ठेवायच्या. कमी झाला की खर्च वाचवायचा. अमेरिकेत पुढे संपूर्ण देशासाठी धोका मोजण्याची जी पद्धत १९७२ मध्ये अंमलात आली, तिचे मूळ या सरकपट्टीत आहे.

गिझबोर्न खोलीत बसणारे संशोधक नव्हते. १९२९ मध्ये ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात 'हाफ मून' नावाचा मोठा वणवा पेटला, तेव्हा ते जवळच्या डोंगरावरून आगीच्या हालचालींच्या नोंदी घेत होते. आगीला भिऊन पळायचे नाही आणि तिच्यावर आंधळेपणाने तुटूनही पडायचे नाही. आधी ती समजून घ्यायची, हा त्यांचा बाणा होता.

तेरा तरुण

५ ऑगस्ट १९४९. मोंटाना राज्यातील मिझुरी नदीकाठची मॅन गल्च नावाची घळ. विजेने लागलेली एक लहानशी आग विझवायला विमानातून १५ जण हवाई छत्रीने उतरले. जमिनीवर एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. एकूण १६. बहुतेक सगळे विशी-पंचविशीतले; कित्येक जण कॉलेजात शिकणारे, काही नुकतेच महायुद्धातून परतलेले. दिवस अतिशय उष्ण होता. घळीच्या त्या अंगाला झाडी विरळ आणि गवत कमरेएवढे वाळलेले.

आग समोरच्या बाजूला आहे असे समजून ते नदीकडे उतरू लागले. तोच आगीने घळ ओलांडली आणि ती खालून वर त्यांच्याकडे येऊ लागली. मंडळी मागे वळून चढावर पळू लागली. चढावर माणसाचा वेग कमी होतो, आगीचा वाढतो. कारण चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर झुकतात, ते आधीच तापवून वाळवतात आणि मग गिळतात.

पुढारी वॅग्नर डॉज यांनी अशा वेळी काडी ओढून आपल्या पुढचे गवत पेटवले. ते जळून गेल्यावर त्या राखेत ते पालथे पडले आणि इतरांना आत या म्हणून ओरडले. कोणीही आले नाही. समोरून आग येत असताना आपला प्रमुख आणखी एक आग लावतो, हे पाहून त्यांना काय वाटले असेल? जे इंधन आधीच जळून गेले, तिथे आग पुन्हा येऊ शकत नाही; पण त्यासाठी आपणच पुढचे गवत पेटवून त्या राखेत शिरायचे, ही युक्ती त्यांना कधी शिकवलेली नव्हती. तेरा जण मरण पावले. डॉज वाचले, आणि खडकाच्या फटीतून कड्यापलीकडे निसटलेले दोघे वाचले.

या दुर्घटनेने गिझबोर्न यांना स्वस्थ बसू दिले नाही. प्रकृती बिघडली होती; हृदयविकार जडला होता. तरीही नोव्हेंबरमध्ये, थंडी पडू लागली असताना, रॉबर्ट जॅन्सन या वनाधिकाऱ्याला सोबत घेऊन ते त्या घळीत चढले. आगीने असे वळण का घेतले, याविषयी त्यांनी आधी एक अनुमान बांधले होते. जागेवर पाहिले तेव्हा पुरावा त्या अनुमानाच्या विरुद्ध निघाला. त्यांनी आपला अंदाज सोडला आणि नव्याने विचार सुरू केला. खऱ्या संशोधकाची ओळख इथेच पटते. परतीच्या वाटेवर, ९ नोव्हेंबर १९४९ रोजी, हृदय बंद पडून त्यांचे तिथेच निधन झाले. वय अवघे ५६.

त्यांच्यानंतर

त्यांचे काम थांबले नाही. त्यांचे सहकारी जॅक बॅरोज यांच्या नेतृत्वाखाली १९६० मध्ये मोंटानातील मिझुला येथे वणव्याच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे रिचर्ड रॉदरमेल या अभियंत्याने मोठ्या वायुबोगद्यात आगी पेटवून मोजमापे घेतली आणि १९७२ मध्ये आगीचा वेग सांगणारे गणित मांडले. १९९३ मध्ये त्याच रॉदरमेल यांनी मॅन गल्चच्या आगीचा हिशेब करून दाखवून दिले, की ती शर्यत त्या तरुणांना जिंकता येणारी नव्हतीच. म्हणजे दोष त्यांच्या पायांचा नव्हता. त्यांना जे ज्ञान द्यायला हवे होते ते वेळेवर दिले गेले नव्हते.

१९५७ मध्ये आग विझवणाऱ्यांसाठी दहा स्थायी नियम लिहिले गेले. तरीही जुलै १९९४ मध्ये कोलोराडोतील एका डोंगरावर १४ जण जळून मेले. चौकशीत दिसून आले की दहापैकी आठ नियमांची पायमल्ली झाली होती. ज्ञान कपाटात असून भागत नाही. हुकूम देणाऱ्याने ते पाळावे लागते आणि हुकूम पाळणाऱ्याला ते माहीत असावे लागते.

साठलेले इंधन

या कथेची आणखी एक बाजू आहे. १९३५ मध्ये वनखात्याने नियम केला, की कोणतीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणलीच पाहिजे. वरकरणी हे चांगलेच वाटते. पण पाइनच्या कित्येक जंगलांत दर काही वर्षांनी हलकी आग लागून पालापाचोळा जळून जाणे, हा निसर्गक्रम होता. तेथील मूळ रहिवासी, मोंटानातील सेलिश आणि कूटेनाई लोकांसारखे, पिढ्यान्‌पिढ्या जाणीवपूर्वक हलकी आग लावून रान मोकळे ठेवीत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना अडाणी ठरवले आणि त्यांच्या आगी बंद केल्या. कॅलिफोर्नियात तर १८५० च्या कायद्याने माळरान पेटवणे शिक्षेस पात्र ठरवले.

१९४३ मध्ये हॅरॉल्ड वीव्हर या वनाधिकाऱ्याने मूळ रहिवाशांच्या राखीव भूमीवरील जंगले पाहून लिहिले, की आग पूर्णपणे बंद केल्याने जंगल उलट धोक्यात येत आहे. कॅलिफोर्नियात हॅरॉल्ड बिस्वेल हे प्राध्यापक तेच सांगत, तेव्हा त्यांची टिंगल झाली. आज वनखाते स्वतःच नियोजनपूर्वक हलकी आग लावते. ज्यांना अडाणी म्हटले, त्यांचेच म्हणणे शंभर वर्षांनी शास्त्राने मान्य केले.

धूर कोणाच्या छातीत?

आता शेवटचा प्रश्न, धुराचा. ज्वाळा दिसतात, त्यांचे फोटो छापून येतात. धूर मात्र मुकाट्याने छातीत जातो. भडकून जळणाऱ्या इंधनापेक्षा धुमसणारे इंधन दर किलोमागे कितीतरी जास्त धूर सोडते, हे आपल्या माता-भगिनींनी चुलीपाशी डोळे चोळत अनुभवलेलेच आहे.

सिएटल येथील वनखात्याच्या संशोधकांनी हाच धागा पुढे नेला. रॉजर ओटमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलांचे फोटो घेऊन त्या-त्या जागी किती टन इंधन आहे याची मोजणी केली. फोटोंची ही मालिका हाती धरून रानातला कर्मचारी समोरच्या जंगलाशी ताडून पाहतो आणि इंधनाचा अंदाज बांधतो. किती इंधन जळेल यावरून किती धूर होईल आणि कोणत्या दिवशी आग लावल्यास आसपासच्या गावांना कमीत कमी त्रास होईल, हे ठरवता येते.

टिमोथी राइनहार्ट आणि ओटमार यांनी प्रत्यक्ष आग विझवणाऱ्यांच्या श्वासापाशी येणारी हवा तपासली. त्यात कार्बन मोनॉक्साइड, बारीक कण आणि डोळे-घसा जाळणारे वायू आढळले. सर्वांनाच सारखा धूर मिळत नाही. वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहून आग पुढे सरकू न देणारा माणूस तो जास्त गिळतो. त्याला ती जागा सोडता येत नाही, कारण तीच त्याची नेमणूक असते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचे काम कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. ज्याने दुसऱ्याचे रान वाचवायचे, त्याच्या फुफ्फुसाचा हिशेब मांडायला इतकी वर्षे लागली.

आपल्याशी संबंध

वाचकहो, हे सारे दूरदेशीचे आहे असे समजू नये. मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूरच्या रानांतही उन्हाळ्यात वणवे लागतात. आगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जाळरेषा काढल्या जातात, म्हणजे ठरावीक पट्ट्यातील गवत-पाचोळा आधीच जाळून टाकतात. इंधन नाही तर आग नाही, हेच ते तत्त्व. जाळरेषेवर राबणारे आणि हिरव्या फांद्यांनी आग झोडपणारे हात बहुतांशी रोजंदारीच्या मजुरांचे असतात. त्यांच्या पायात काय आहे, नाका-तोंडावर काय आहे, पळायची वाट कोणती हे त्यांना कोणी सांगितले आहे का, हे प्रश्न मोंटानात जितके खरे तितकेच इथेही खरे आहेत. आज उपग्रह आगीची जागा दाखवतो आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्था तिची सूचना मोबाइलवर पाठवते. पण उपग्रह आग विझवत नाही. तिथे माणूसच जातो.

आपल्या घरातील जी मुले-मुली रानात, शेतात रमतात, निरीक्षण करतात, त्यांना या शास्त्राची वाट माहीत असावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे पदवी शिक्षण मिळते. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ पासून काम करीत आहे. डॉक्टर-इंजिनिअर व्हावे हे खरेच. पण जंगलात मजुरी केलेल्यांच्या घरातून उद्या वन-संशोधक निघाला, तर आगीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाकडे तो वेगळ्या नजरेने पाहील. एक तराजू, चार लाकडी कांड्या आणि रोज न चुकता केलेली नोंद, एवढ्यावर या शास्त्राची सुरुवात झाली होती. दैवाला दोष देण्यापेक्षा ते अधिक कष्टाचे आहे. पण जीव वाचतात ते त्यानेच.